हिरव्या ऋतूत न दिसणारे धारूर

पावसाळ्यात तेलगावकडून धारूरचा घाट चढताना बालाघाट ओळखू येत नाही. मे महिन्यात करपून पांढुरके पडलेले उतार हिरवे झालेले असतात, ओघळींना पाणी असते, वळणावळणावर गाड्या उभ्या करून लोक फोटो काढत असतात. तिथून पुढे किल्ला. तटावरून दरी बघायची, सावली शोधून डबा सोडायचा आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायचा. बीड, माजलगाव, अंबाजोगाई, परळीकडच्या कितीतरी घरांसाठी धारूर म्हणजे एवढेच. या सहलीत किल्ल्याच्या वाट्याला येणारे वाक्यही ठरलेले आहे: इथे पूर्वी मोठ्या लढाया झाल्या, आणि आता बघा, निसर्गाने सगळे कसे झाकून टाकले.

हे वाक्य ऐकायला खोल वाटते. माझ्या मते ते उथळ आहे आणि त्यामुळे धारूर समजून घेण्याची वाटच बंद होते. धारूरला निसर्गाने युद्ध झाकलेले नाही. इथली दरी, इथले पाणी, गवत, झाडी आणि ऋतू यांनीच इथले युद्ध चालवले. कोण जिंकणार, कुणाला माघारी फिरावे लागणार, कुणाला वेढा उठवावा लागणार, याचा निकाल अनेकदा त्यांनीच दिला. युद्धाचा इतिहास शोधायला निसर्ग बाजूला सारावा लागत नाही. निसर्गच नीट वाचावा लागतो. हे म्हणणे मी टप्प्याटप्प्याने मांडतो आणि त्यावर येणाऱ्या आक्षेपांनाही सामोरा जातो.

एक : झाकण्याची कल्पना आली कुठून

युद्धभूमीवर रान वाढते आणि जखम बुजते, हे चित्र विसाव्या शतकाने आपल्याला दिले. फ्रान्समध्ये १९१६ साली वर्दूंची लढाई जवळजवळ दहा महिने चालली. न फुटलेले गोळे आणि विषारी झालेली माती यांमुळे तिथला मोठा पट्टा शेतीला नालायक ठरवून पुढे त्यावर जंगल लावले गेले. आज त्या झाडीखाली खड्डे आहेत आणि पुन्हा न वसलेल्या गावांच्या जागा आहेत. कोरियात १९५३ च्या शस्त्रसंधीनंतर दोन्ही देशांच्या मध्ये सुमारे चार किलोमीटर रुंदीची पट्टी निर्मनुष्य राहिली आणि दुर्मीळ क्रौंच पक्षी तिथे उतरू लागले. या दोन्ही ठिकाणी आधी युद्ध, मग निसर्ग हा क्रम खरा आहे. तोफखान्याने जमीन उलथीपालथी केली, माणूस हटला, झाड आले.

दख्खनच्या युद्धांना हा क्रम लागू पडत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या सैन्याकडे डोंगर सपाट करण्याची ताकद नव्हती. त्याला डोंगराच्या कलाने जावे लागे. त्याचे घोडे, हत्ती, उंट आणि बैल वाटेतल्या गवतावर जगत, माणसे वाटेतल्या पाण्यावर. भूगोलावर मात करणारे युद्ध आणि भूगोलाच्या मर्जीने चालणारे युद्ध यांत मोठा फरक आहे. पहिल्यासाठी बनलेली नजर आपण दुसऱ्यावर लावतो आणि मग काहीच दिसत नाही म्हणून इतिहास दडला आहे असे म्हणतो.

दो‍न : दडलेले काहीच नाही

माहितीपुरते बोलायचे तर धारूरइतकी उघडी नोंद असलेली ठिकाणे मराठवाड्यात थोडी असतील. आजचा किल्ला १५६७ च्या सुमारास विजापूरच्या अली आदिलशहाचा सरदार किश्वर खान लारी याने बांधला. १५६५ ला तालिकोटच्या लढाईत विजयनगरविरुद्ध एकत्र आलेले दख्खनचे सुलतान दोन वर्षांतच पुन्हा एकमेकांवर उठले होते, आणि धारूर ही निजामशाहीच्या अंगावर रोखलेली आदिलशाही चौकी होती. १५६९ मध्ये मुर्तजा निजामशहा त्यावर चालून आला. किल्ल्यात शिरेपर्यंत रिकिबीतून पाय काढणार नाही, असा त्याने पण केल्याची हकीकत इतिहासकार फरिश्ताने दिली आहे. किश्वर खान बाण लागून पडला, शिबंदीचा धीर सुटला, किल्ला निजामशाहीत गेला आणि त्याचे नाव फतेहाबाद झाले.

१६३१ च्या जानेवारीत शाहजहानचा सरदार आझम खान याने तो मोगलांसाठी घेतला. त्याची तपशीलवार हकीकत अब्दुल हमीद लाहोरीच्या पादशाहनाम्यात आहे. १६६६ च्या ऑक्टोबरात, शिवाजी महाराज आग्र्याहून निसटल्यानंतर दोन महिन्यांनी, मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगाच्या फौजेत असलेल्या, महाराजांचे पूर्वीचे सरनौबत नेताजी पालकर यांना कैद झाली ती धारूरलाच. तिथून त्यांना उत्तरेत नेले, पुढच्या वर्षी धर्मांतर झाले, आणि १६७६ मध्ये ते परत येऊन स्वधर्मात आले. १७६० साली मराठ्यांच्या उदगीर मोहिमेत हैदराबादच्या निजामाची फौज जीव तोडून ज्या ठिकाणाकडे सरकत होती तेही धारूरच.

म्हणजे फरिश्ता, लाहोरी, ग्रँट डफ, जदुनाथ सरकार यांच्या पानांवर धारूर आहे. ती पाने शंभर-दीडशे वर्षे छापील स्वरूपात मिळतात. अडचण वाचणाऱ्याच्या नजरेत आहे. आपण या पानांतून माणसे आणि जय-पराजय उचलतो. त्याच पानांवर असलेले गवत, पाणी, घाट आणि धान्य सोडून देतो. मग किल्ल्यावर गेल्यावर ती माणसे तिथे नसतात आणि जे तिथे अजून आहे त्याच्याबद्दल आपण काही वाचलेलेच नसते.

तीन : दरी ही तटबंदी, खंदक ही कबुली

किल्ला समजून घ्यायला आधी तो कुठे बांधलेला नाही ते बघावे. लाहोरी धारूरचे वर्णन करताना डोंगराच्या सोंडेवरची जागा आणि दोन अंगांच्या खोल, खडबडीत दऱ्या यांचा उल्लेख आधी करतो. त्या दऱ्यांमुळे हल्ल्याचा विचारही कुणी केला नव्हता, असे त्याचे म्हणणे. सपाटीच्या अंगाला मात्र खंदक आहे आणि सगळ्यात भक्कम बांधकामही तिथेच आहे.

या खंदकाजवळ थोडा वेळ थांबण्यासारखे आहे. काळ्या पाषाणात हाताने खोदलेली ही चर म्हणजे बांधणाऱ्याने दिलेली कबुली आहे: बाकीचे डोंगराने दिले, ही एक बाजू त्याला देता आली नाही, ती आम्ही केली. दरी संपते तिथे खंदक सुरू होतो. निसर्गाचे काम कुठे थांबले आणि माणसाचे कुठे सुरू झाले, ती रेघ इथे बोट ठेवून दाखवता येते. पाहुणा दरीकडे तोंड करून उभा राहतो, कारण देखावा तिकडे आहे. लढाई त्याच्या पाठीमागून आली होती. सपाटीवरून, पेठेच्या बाजूने.

१६३१ ला झालेही तसेच. आझम खान आधी पेठेवर तुटून पडला. आजूबाजूच्या गावांतले लोक आठवड्याला जिथे खरेदी-विक्रीला जमत, ती पेठ. पेठ पडल्यावर लोक आणि शिबंदी खंदकाच्या आणि तटाच्या आसऱ्याला रेटली गेली, आणि मग दोर-शिड्या लावून मोगल आत शिरले. किल्लेदार सिद्दी सालीम कैद झाला. दऱ्यांची खोली, बुरुजांवरच्या तोफा, साठवलेला दारूगोळा यांचा उपयोग झाला नाही, कारण ज्या एका अंगाला डोंगराने आधार दिला नव्हता तिथूनच सगळे कोसळले.

याच्या उलट कहाणी पाण्याची. बालाघाटाच्या माथ्यावर पाऊस साधारण साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, आणि तोही चार महिन्यांत. बेसॉल्टचा थर पाणी धरतो तो फटींत आणि मुरमात. माथ्यावर बारमाही झरा मिळेल याची खात्री नसते. त्यामुळे इथे किल्ला बांधायचा म्हणजे आधी पाणी साठवायचे. धारूरच्या किल्ल्यातल्या पाण्याच्या जागा लोकांना खारी दिंडी, गोडी दिंडी अशा नावांनी माहीत आहेत. इतक्या जवळ दोन चवींचे पाणी हे आज कुतूहल म्हणून दाखवले जाते. वेढ्यात अडकलेल्या माणसासाठी ते कुतूहल नव्हते. कोणते पाणी प्यायचे, कोणते जनावरांना आणि बांधकामाला ठेवायचे, किती दिवस पुरवायचे, यावर तो वेढ्याची मुदत ठरवत असणार. बीडजवळची खजाना बावडीही मुर्तजा निजामशहाच्याच काळातली. एकीकडे किल्ला झुंजवणारी आणि दुसरीकडे जमिनीखालून पाणी खेळवणारी राजवट एकच होती, हे ध्यानात घेतले की पाणी हा या प्रदेशाच्या राजकारणाचा किती मध्यवर्ती विषय होता ते कळते.

चार : आपण चुकीच्या ऋतूत जातो

माझ्या म्हणण्याचा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा आहे. वर दिलेल्या तारखा पुन्हा बघा. किल्ला मोगलांनी घेतला जानेवारीत. नेताजींना कैद झाली ऑक्टोबरात. उदगीरच्या मोहिमेची निर्णायक झुंज ३ फेब्रुवारी १७६० ची. याच डोंगररांगेच्या पश्चिम टोकाकडे मराठे आणि निजाम यांच्यात खर्ड्याची लढाई झाली ती ११ मार्च १७९५ ला. पावसाळ्यातली एकही नाही.

हा योगायोग नव्हे. काळ्या रानात पावसाळ्यात तोफेचा गाडा रुततो, ओझ्याचा बैल बसतो, नद्यांना उतार मिळत नाही. सैन्ये चार महिने छावणीत राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत. आजही आपण ज्याला सोने लुटणे म्हणतो त्या सणाच्या मागे हेच वेळापत्रक आहे. दसरा ते फाल्गुन-चैत्र हा लढाईचा हंगाम आणि आषाढ ते भाद्रपद हा विश्रांतीचा.

आपला सहलीचा हंगाम बरोबर उलटा आहे. ज्या महिन्यांत या दऱ्यांनी सहसा चाल पाहिली नाही, त्याच महिन्यांत आपण त्या बघायला जातो आणि निसर्गाने युद्ध झाकले असा निष्कर्ष काढून येतो. तटावर उभे राहायचे तर जानेवारीत उभे राहावे. पानझड झालेली असते, गवत पिवळे पडून लवलेले असते, दरीच्या तळातली पाऊलवाटही वरून नजरेत येते. कुठला ओघळ माथ्यापर्यंत चढायला जागा देतो, कुठला मध्येच कड्याला भिडतो, पहारेकऱ्याला कुठल्या बुरुजावरून काय दिसत असेल, हे कुणी सांगावे लागत नाही. आणि एक गोष्ट अंगावर येते: इथे जनावराला घालायला काही नाही. मोहिमेचा हंगाम आणि चाऱ्याच्या टंचाईचा हंगाम एकच होता. त्या एका अडचणीभोवती दख्खनची सगळी युद्धे फिरत राहिली.

पाच : गवताने हरवलेल्या फौजा

१६३१ ची मोहीम घ्या. तिचे निमित्त होते खानजहान लोदी. हा बंडखोर मोगल सरदार १६२९ मध्ये आग्र्याहून पळून निजामशहाच्या आश्रयाला आला. त्याच्या पाठलागासाठी खुद्द शाहजहान दक्षिणेत उतरून बुऱ्हाणपूरला तळ देऊन बसला. आझम खानाने खानजहानला बीडजवळ गाठून पिटाळले, मग धारूर घेतले. नेमक्या त्याच काळात, १६३० चा पाऊस न झाल्याने, दख्खन आणि गुजरातवर भीषण दुष्काळ कोसळला. तुकाराम महाराजांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला तो याच दुष्काळात. शाहजहानच्या दरबारी इतिहासकारालाही माणसांनी माणसे खाल्ल्याच्या हकिकती लिहाव्या लागल्या.

धारूर हाती आल्यावर आझम खान परांड्याच्या किल्ल्यावर गेला. वेढा घातला आणि उठवला. कारण तटाची मजबुती एवढेच नव्हते. आसपासच्या कित्येक कोसांत जनावरांना गवत उरले नव्हते. धारूरकडे मागे फिरणे भाग पडले. त्याच वर्षाच्या अखेरीस शाहजहानचा सरदार आसफ खान विजापूरवर चालून गेला, त्यालाही दाणावैरण संपल्याने परतावे लागले. त्याआधी १७ जून १६३१ ला बुऱ्हाणपूरच्या तळावर मुमताज महल वारली होती. ताजमहाल बघताना आपल्याला प्रेमाची गोष्ट सांगितली जाते. ती बाई ज्या मोहिमेच्या छावणीत गेली तिच्या नकाशावर धारूर आणि परांडा आहेत, हे कुणी सांगत नाही.

या फौजांचे धान्य वाहून आणत ते बंजाऱ्यांचे तांडे. हजारो बैल, पाठीवर गोणी, तांडा चालता चालता चरत जाणार. बंजारा समाजात एका ताम्रपटाची परंपरा पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते: आसफ खानाने जंगी आणि भंगी या नायकांना दिलेला, ज्यात पाणी आणि गवत मिळाले नाही तर लोकांच्या रांजणातले पाणी आणि छपरावरचे गवत घेण्याची मुभा होती. मूळ ताम्रपटाबद्दल अभ्यासक वाद घालोत; पण सैन्याची सगळ्यात मोठी गरज कोणती होती आणि ती कुणाच्या घरातून भागवली जाई, हे त्या परंपरेइतके नेमके दुसरीकडे कुठे सापडत नाही. बालाघाटाच्या माथ्यावर आज जे तांडे आहेत त्यांच्या पूर्वजांचा या युद्धांशी असा संबंध होता. आणि दसऱ्या-दिवाळीनंतर याच तांड्यांतून, याच वाड्यावस्त्यांतून ऊसतोडीला टोळ्या निघतात. कोरड्या महिन्यांत ही जमीन इथल्यांना पोसत नाही. सैन्यांनाही ती त्याच महिन्यांत पोसू शकत नव्हती, म्हणून ती इथल्यांच्या तोंडचे घेत. दोन्हींच्या मागे बालाघाटाचा तोच कोरडेपणा आहे, एवढाच माझा दावा आहे. मधल्या साडेतीनशे वर्षांत राज्यकर्त्यांनी काय केले आणि काय केले नाही, हा वेगळा आणि मोठा हिशेब आहे.

पाण्याची आणि झाडांची हीच समज बचाव करणाऱ्यांकडेही होती. १६६५ च्या अखेरीस जयसिंग विजापूरवर आला तेव्हा आदिलशाहीने शहराभोवतीची तळी फोडली, विहिरी निकामी केल्या, कित्येक मैलांतली झाडे तोडली. शत्रूला सावली नको, सरपण नको, पाणी नको. जयसिंगाला शहराच्या वेशीजवळून मागे वळावे लागले आणि पुढच्या वर्षातला त्याचा वावर धारूर-भूम-बीडच्या पट्ट्यात राहिला. नेताजींची कैद हा त्या माघारीतलाच प्रसंग आहे. मराठी वाचकाला ती घटना पाठ असते. तिच्या आधीच्या कोरड्या विहिरी मात्र कुठल्याच पाठ्यपुस्तकात नसतात.

उदगीरच्या वेळी हेच घाट आणि अंतर यांच्या भाषेत घडले. निजाम सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली यांना धारूर गाठायचे होते, कारण तिथे त्यांचे सात हजार लोक थांबले होते. मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांनी त्यांना ते अंतर तोडू दिले नाही. औशाजवळ निजामाची फौज कापली गेली आणि साठ लाखांच्या आसपासचा मुलूख मराठ्यांना मिळाला. भाऊ त्यानंतर परतूरला आले आणि मार्च १७६० मध्ये तिथूनच उत्तरेकडे निघाले, पानिपताकडे. त्या यशाचा मोठा भाग निजामाला धारूरच्या आसऱ्यापर्यंत पोचू न देण्यात होता. खर्ड्याला तर निजाम मोहरीचा घाट उतरून खाली आला, किल्ल्यात कोंडला गेला आणि पाण्यावाचून तहाला आला.

सहा : झाडीही सैन्यात होती

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेले आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे. त्यातला गडकोटांचा भाग एखाद्या वनअधिकाऱ्याने वाचावा असा आहे. गड बांधण्याआधी पाणी बघावे, गडाच्या घेऱ्यातली झाडी जपावी, तिच्यातली काठीही तोडू देऊ नये, गडावर उपयोगाची झाडे लावावीत, अशा सूचना त्यात आहेत. अमात्यांच्या दृष्टीने घेऱ्यातले रान हे गडाचे बाहेरचे कवच आहे. वाट अडवते, चाल मंदावते. विजापूरने तोडलेली झाडे आणि अमात्यांनी राखायला सांगितलेली झाडे ही एकाच शास्त्राची दोन टोके आहेत.

आता धारूरच्या उतारांवर काय आहे? सीताफळ, बोर, हिवर, तरवड, पळस, घाणेरी, मधूनमधून कडुनिंब. बालाघाटाचे सीताफळ आज बीडची ओळख आहे आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण हे झाड मूळचे अमेरिकेतले. त्याच्या पानाला शेळी तोंड लावत नाही. जिथे चराई फार झाली तिथे बाकीची रोपे खाल्ली जातात आणि सीताफळ टिकते. म्हणजे ज्या उताराला आपण अस्पर्श निसर्ग समजतो तो माणसाने आणि जनावरांनी कैक पिढ्या वापरलेला आहे. किल्ल्याच्या बांधणाऱ्यांनी पाहिलेली झाडी ही नव्हे. तटाच्या फटीत वाढलेले सीताफळाचे झुडूप बघून निसर्गाने इतिहास परत घेतला असे म्हणणारा, ते झुडूपही इतिहासातूनच तिथे आले आहे, हे विसरतो.

सात : आक्षेप

पहिला आक्षेप असा की मी निसर्गावर नको तितका बोजा टाकतो आहे. उतार उघडे पडले ते युद्धामुळे कशावरून? कोळसा, चराई, निजामाच्या काळातली तोड, १९७२ सारखे दुष्काळ, ही कारणे जवळची नाहीत काय? आहेत. मोगलांच्या घोड्यांनी बालाघाट उजाड केला असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला पुरावा नाही. माझे म्हणणे त्याहून मर्यादित आणि म्हणून जास्त टिकाऊ आहे: इथल्या दगड-पाणी-गवताने युद्धांना आकार दिला, आणि तो दगड, ते पाणी, तो ऋतू आजही जागेवर आहे. झाडीबद्दल बोलायचे तर तिच्या जुन्या रूपाचा अंदाज बांधणे वनस्पतिशास्त्रज्ञांचे काम आहे आणि ते काम धारूरला कुणी हाती घ्यावे असेच मला वाटते.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो, जरी तो नेहमी उघडपणे बोलला जात नाही. धारूर बांधले आदिलशहाने, घेतले निजामशहाने, मग मोगलांनी. यात आपले काय? सह्याद्रीतल्या गडांवर जशी छाती भरून येते तशी इथे कशाने यावी? जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतली जिंजी. त्या यादीचा आनंद मलाही आहे. किल्ला आणि त्याभोवतीचा भूप्रदेश ही एकच वस्तू आहे हे तिने जगापुढे मांडले, आणि माझाही मुद्दा तोच आहे. पण त्या बारांत मराठवाड्यातला एकही नाही. धारूर, परांडा, औसा, उदगीर, कंधार, नळदुर्ग हे किल्ले मराठ्यांच्या सत्तेच्या चौकटीत बसत नाहीत, म्हणून त्यांच्याभोवतीचे भूप्रदेश अभिमानाच्या नकाशाबाहेर राहतात.

याला माझे उत्तर असे. १६२९ मध्ये देवगिरीच्या निजामशाही दरबारात शिवरायांचे आजोबा लखुजी जाधवराव यांचा खून झाला, १६३० च्या अखेरीस शहाजीराजे मोगलांकडे गेले, दोन वर्षांत पुन्हा निजामशाहीसाठी उभे राहिले. शिवरायांचा जन्म झाला त्या वर्षाच्या शेवटी आझम खान बालाघाटावर होता. स्वराज्याची गरज ज्या परिस्थितीतून उभी राहिली ती परिस्थिती धारूर-परांड्याच्या पट्ट्यात अशी उघडी पडलेली आहे: अनेक सत्ता, एक दुष्काळ, आणि पेठेत आठवड्याचा बाजार करायला आलेला माणूस मधोमध. जिंकणारा कुठल्या धर्माचा होता यावरून त्या बाजारकरूचे नाते आपल्याशी ठरत नाही. तो आपलाच होता. किल्ल्याच्या इतिहासात जर कुणी खरोखर न दिसणारा असेल तर तोच, आणि त्याचे नाव कुठल्याही बखरीत सापडणार नाही. त्याच्यापर्यंत जायची वाट पाणी, चारा आणि पेठ यांच्यातूनच आहे.

तिसरा आक्षेप सौम्य आहे: लोकांना सुखाने हिंडू द्या, बीडसारख्या जिल्ह्यात हिरवे दिसायला मिळते ते चार महिने, तिथेही युद्ध कशाला? या भावनेचा मला आदर आहे. कोरड्या मुलखातल्या माणसाला हिरवळीची ओढ असणे यापेक्षा साहजिक काही नाही. पण धारूरची हिरवळ क्षणिक आहे ही जाणीवच तिची किंमत वाढवते. ज्या मुलाला तटावर उभे करून सांगितले जाईल की इथे फौजा चाऱ्यासाठी मागे फिरल्या, त्याला पाझर तलाव, चराईबंदी आणि पाणलोट हे शब्द सरकारी वाटणार नाहीत.

आठ : धारूरला करता येण्यासारखे

हे सगळे खरे असेल तर काही कामे सरळ पुढे येतात. किल्ल्याच्या माहितीफलकावर राजांची यादी असेल तर असू द्या. तिच्या शेजारी एक आडवा छेद असावा, ज्यात सोंड, दऱ्या, खंदक आणि पाण्याच्या जागा एकाच चित्रात दिसतील. खारी आणि गोडी दिंडीची पाण्याची पातळी दर महिन्याला नोंदवावी. तालुक्यातल्या एखाद्या शाळेचे नववीचे वर्गही हे करू शकतात, आणि पाच वर्षांच्या नोंदींतून वेढ्यातल्या शिबंदीचा हिशेब मांडता येईल. तट आणि रान यांची कामे वेगवेगळ्या खात्यांच्या वेगवेगळ्या योजनांतून होतात. त्यामुळे खंदकात झाडे लावणे हे हिरवाईचे काम ठरते आणि तटातली मुळे उपटणे हे जतनाचे. दोघांनी एकाच नकाशावर काम केले तर कुठे झाड हवे आणि कुठे मोकळी नजर हवी, हे ठरवता येईल. आज्ञापत्राच्या लेखकाला तो भेद स्पष्ट होता.

आणि शाळांच्या सहली जानेवारीत न्याव्यात. संक्रांतीच्या आसपास, सकाळी ऊन चढायच्या आत. मुलांना आधी दरीच्या अंगाला नेऊ नये. सपाटीवरून, ज्या बाजूने आझम खान आला त्या बाजूने चालवत खंदकापर्यंत न्यावे, आणि तिथे विचारावे की तुम्ही आत असता तर पाणी कुठून आणले असते, आणि बाहेर असता तर घोड्याला काय घातले असते.